शेपटीतलं जहर

लोकांनी आपलं ऐकावं, ही ज्योत्स्नाची लहानपणापासूनची हौस. आणि पाच दिवसांपूर्वी पश्चिमेला धूमकेतू दिसायला लागल्यापासून लोक खरोखरच तिचं ऐकायला लागले होते. धुळ्याच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. एरवी तिच्या तासाला मागचे दोन बाक मोबाईलमध्ये बुडालेले असत. आता पेपरवाले फोन करत होते, शाळा बोलावत होत्या, आणि सावद्याजवळच्या भोकरखेड्यानं, म्हणजे तिच्या माहेरच्या गावानं, तर चक्क शाल-नारळ देऊन तिचं व्याख्यान ठेवलं होतं. ते परवा झालं. त्या व्याख्यानानं गावात काय करून ठेवलंय, हे तिला अजून कळायचं होतं.

आज ती एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या टेकडीवर होती, देवळापासून जरा लांब, मोकळ्या माळावर. सोबत लोटननाना. हे प्रयोगशाळेतले जुने परिचर, निवृत्तीला आठ महिने उरलेले; गाडी चालवायची, तिवई रोवायची आणि कशालाही आधी नाक मुरडायचं, ही तीन कामं ते मनापासून करत. सूर्य बुडून अर्धा तास झाला होता. तांबूस उजेडाच्या वर धूमकेतू लटकला होता आणि त्याला दोन शेपट्या होत्या. एक धुळीची, रुंद आणि वाकलेली. दुसरी वायूंची, सरळ आणि इतकी फिकट की डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली तरच दिसे.

दुर्बिणीला वर्णपटमापक जोडलेला होता. धूमकेतूचा उजेड त्यातून गेला की त्याचे रंग सुटे होतात, आणि ज्या वायूंनी तो उजेड दिला त्यांच्या रेघा लॅपटॉपवर उमटतात. प्रत्येक वायूची जागा ठरलेली, पाटावर बसणाऱ्या पंगतीसारखी. हिरव्या भागात कार्बनचा पट्टा तर पहिल्याच दिवशी सापडला होता. ज्योत्स्ना ज्याच्या मागावर होती, तो जांभळ्या टोकाला बसतो आणि सहजी दिसत नाही. सात मिनिटं उजेड साठवल्यावर आज तो दिसला.

"नाना, हा बघा. सायनोजेन."

लोटननानांनी चष्मा वर केला. "हाई रेघ? मंग काय, पेढा वाटसूत?"

"विषारी वायू आहे नाना. धूमकेतूच्या डोक्यातून निघतो आणि शेपटीत जातो."

"जहर सापडनं आणि हाई बाई खूश शे," नाना आकाशाकडे बघून म्हणाले, आणि ज्योत्स्ना हसली. त्यानंतर कितीतरी दिवस ते हसणं आठवलं की तिला स्वतःची लाज वाटायची.

कारण हाच शब्द तिनं परवा शाळेच्या हॉलमध्ये वापरला होता. काय झालं होतं, की हॉल भरला होता पण ऐकत कोणी नव्हतं. पुरुष केळीवरच्या करप्याबद्दल बोलत होते, बाया आपापसांत. ज्योत्स्ना बर्फ, धूळ, सूर्याभोवतीची कक्षा असं सगळं नीट, पायरीपायरीनं सांगत होती आणि तिचे शब्द पंख्याच्या वाऱ्यावर उडून जात होते. फक्त तिची आई, कुंदाबाई, बायांच्या पहिल्या रांगेत पदर दोन्ही हातांनी धरून मान डोलवत होती. पण आई ऐकते, त्याचं काय कौतुक. ज्योत्स्नाला राग आला. याच गावात तिला लहानपणी सगळे ‘बडबडी’ म्हणायचे. तिनं माईक तोंडाजवळ घेतला आणि सावकाश म्हणाली, "या शेपटीत जहर आहे."

हॉल असा शांत झाला की पंख्याचं कुरकुरणं ऐकू यायला लागलं. आणि खरं सांगायचं तर ती शांतता तिला गोड लागली. तिनं ती जरा चघळली. पाच-सहा क्षण ती काही बोललीच नाही. मग पुढचं सांगितलं, की ते इतकं विरळ असतं की आपल्याला त्याचा काहीही अपाय नाही, पण तोवर हॉलमध्ये कालवा उठला होता, बाया एकमेकींना विचारत होत्या, दोनचार जणी कुंदाबाईच्या खांद्याला धरून "हो व कुंदा, खरं का?" करत होत्या. तेवढ्यात चहा आला. पुढचं वाक्य चहात विरघळलं.

टेकडीवर मोबाईलची रेंज येतजात होती. रेघेचा फोटो पुनमला पाठवावा म्हणून ज्योत्स्नानं फोन वर धरला. पुनम तिची भावजय, धाकट्या जितेंद्रची बायको. दोन वेळा पोटातलं गेलं होतं, आणि आता सातवा महिना लागला होता. घरात सगळे तिच्याकडे दिव्याकडे बघावं तसे बघायचे. जोरात दार आपटलं तरी कुंदाबाई डोळे वटारायची. भाद्रपदातल्या ग्रहणात तर तिनं सुनेला पाच तास काळोख्या खोलीत निजवून ठेवलं होतं, खिडकीला गोधडी लावून, सुरीला हात लावू न देता.

फोनवर रेंज आली आणि पुनमचाच बोललेला निरोप येऊन पडला. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांचा. ज्योत्स्नानं तो लावला. पुनमचा आवाज मजेत होता.

"ताई, कायजी करू नका बरं. आम्ही दोघी चेंबरात बसू राह्यलो. आई म्हने, घराले हजार फटी अन् चेंबराले एक नाही. तिथून गॅस बाहेर जात नाही तं बाहेरचा आत कसा येईन? आतला पंखाबी बंद केला, बाहेरची हवा ओढतो म्हनून. दार उघडं ठेवून बोलू राह्यली, आत रेंज येत नाही; आता लावतो अन् खाली ओलं लुगडं दाबतो. शेंडेनक्षत्र मावयलं की आठ वाजता निंघतो. यायले सांगू नका, उगा ओरडतीन."

यायले म्हणजे जितेंद्रला. ज्योत्स्ना फोन हातात धरून उभी राहिली.

चेंबर म्हणजे केळी पिकवायची खोली. जितेंद्रनं दोन वर्षांपूर्वी शेताच्या कडेला बांधलेली, जाड भिंतींची, रबराची कड असलेल्या दाराची. हिरवी केळी कॅरेटांमध्ये रचायची, दार लावायचं, पिकवायचा गॅस सोडायचा, आणि चोवीस तासांनी दार उघडून हवा बदलायची. हवा बदलायचीच असते, कारण केळीही श्वास घेतात. पिकायला लागली की माणसासारखीच चांगली हवा ओढतात आणि वाईट सोडतात. दहा टन केळी त्या बंद खोलीत रात्रंदिवस श्वास घेत असतात. हे भावाला ज्योत्स्नानंच शिकवलं होतं. आईला मात्र कोणी शिकवलं नव्हतं, कारण घरातल्या बाया चेंबरात जात नसत.

म्हणजे आईनं विचार केला होता तो वेडगळ नव्हता. ग्रहण गोधडीनं अडतं, वायू गोधडीनं अडत नाही, एवढं तिनं ओळखलं होतं. पंचक्रोशीत वायू अडवणारी एकच जागा तिला माहीत होती, आणि त्या जागेत तिनं आपला सगळ्यात मोलाचा जीव नेऊन ठेवला होता.

ज्योत्स्नानं आईला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुनमला. बाहेर. त्या भिंतींतून फोनची लहरही जात नव्हती. मग जितेंद्रला लावला. तो सुरतेला व्यापाऱ्याकडे गेला होता.

"जितू, चेंबर कधी भरलंस?"

"काल सांजेले. का व ताई?"

"आज हवा बदलली?"

"कौतिक बदलनार होता पाच-सहाले. पन गावात तं सगये दारं लावून बसेल हायेत म्हने. तो नसीन गेला." मग त्याचा आवाज बदलला. "काय झालं?"

तिनं सांगितलं. आणि तिचा एवढा धिप्पाड भाऊ रडायला लागला. रडतारडता त्यानं एक गोष्ट सांगितली, जी घरात कोणाला माहीत नव्हती. मागच्या वर्षी कौतिक, त्यांचा चेंबर सांभाळणारा माणूस, हवा न बदलता आत गेला होता आणि चौथ्या पावलाला कोसळला होता. जितेंद्रनं पाय धरून ओढून काढला म्हणून वाचला.

"अरे, मग आईला का नाही सांगितलं?"

"बायकांयले कशाले घाबरवा म्हनून," जितेंद्र म्हणाला.

लोटननानांनी अर्धं बोलणं ऐकलं होतं. या वेळी त्यांनी नाक मुरडलं नाही. दुर्बीण तशीच माळावर सोडली, लॅपटॉप बगलेत मारला आणि गाडीकडे निघाले. तीस वर्षांत या माणसानं साधी कुपी उघडी टाकली नव्हती.

"बस ताई. मी गाडी काढस."

टेकडी उतरताना तिनं १०८ ला फोन केला. गाडी दुसऱ्या गावी रुग्ण सोडून निघत होती. पाऊण तास, कदाचित जास्त. तिनं पत्ता सांगितला, शेताची खूण सांगितली, सांगताना तीनदा अडखळली. मग ती गावातले नंबर लावत सुटली. शेजारच्या सुंदरबाई, बंद. सरपंच, बंद. शाळेचे हेडमास्तर, बंद. मोबाईलची लहर शेपटीतला वायू खाली ओढून आणते, असं कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि शहाण्यासुरत्यांनीही फोन बंद करून ठेवले होते. कौतिकचा एकट्याचा वाजत होता. वाजत होता आणि थांबत होता. तिनं परत लावला.

एरंडोल गेलं. गाडी हमरस्त्याला लागली आणि पूर्वेकडे पळायला लागली. ज्योत्स्नाला आता सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि तिला विज्ञान येत होतं हीच शिक्षा झाली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत्ता किती असेल, याचा अंदाज तिचं डोकं तिला न विचारता काढत होतं. आधी डोकं दुखतं. मग धाप लागते. मग झोप येते. झोप आली की माणूस उठत नाही. त्या दाराला आतून कडी होती, ढकललं की उघडणारी. पण उघडायला उठावं लागतं. आणि पोटातलं ते? त्याला तर आईच्या रक्तातून येईल तीच हवा. तिथं आल्यावर ती विचार करणं थांबवायची, आणि डोकं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

तिनं मान वर केली. गाडीच्या आरशात धूमकेतू होता. गाडी पूर्वेला चाललेली, तो पश्चिमेला, त्यामुळे बरोब्बर मागच्या काचेत, रस्त्याच्या शेवटाला टेकल्यासारखा. वळणं गेली तरी तो होता. इतके दिवस त्याच्याकडे बघताना तिला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली, अगदी अडाणी माणसाला वाटावी तशी, जणू कोणी पाठीमागे लागलंय.

पाळधीच्या अलीकडे कौतिकनं फोन उचलला.

"कौतिकभाऊ, मी ज्योत्स्ना. आई आणि पुनम चेंबरात बसल्यात. पाच वाजल्यापासून. पंखा बंद आहे."

"कालच्या भरेल चेंबरात?"

"हो. पळत जा. तुमच्या घरापासून दोनशे पावलं आहेत. दार उघडा सताड."

"ताई," कौतिक दबक्या आवाजात म्हणाला, "चेंबर काय हाये ते मले माहीत हाये. मी पडेल हाये त्याच्यात. पन बाहेर कसा निंघू? तुमीच सांगतलं नं, शेपटात जहर हाये."

"ते खालपर्यंत येत नाही, भाऊ. बाटलीतली सगळी हवा ओढून घेतली ना, तर त्या रिकाम्या बाटलीत जेवढं उरतं, त्याहून कमी आहे त्या शेपटीत. काही होत नाही त्यानं."

"मंग त्या दिशी काहून नाही सांगतलं?"

"सांगितलं होतं."

"मी तिसऱ्या रांगीत होतो ताई. मले तं जहर एवढंच आयकू आलं." मागे त्याची बायको काहीतरी बोलली, रडल्यासारखी. "घरात लेकरं हायेत माही," तो म्हणाला. "मी मेलो तं..."

ज्योत्स्नानं डोळे मिटले. तिला वाटलं, याला आत्ता खरं पटवायला तास लागेल आणि आपल्याकडे तास नाही. जे पटकन पटतं ते आपण परवाच वापरून बसलोय. पण अजून एक गोष्ट होती. या माणसाचा तिच्यावर विश्वास होता. त्याला भीती वाटत होती तीही तिच्याच शब्दांवरच्या विश्वासानं.

तिनं डोळे उघडले. आरशात धूमकेतू लख्ख होता, शेपट्यांसकट. मावळायला अजून अर्धा तास होता, हे तिच्याइतकं अख्ख्या खानदेशात कोणाला माहीत नव्हतं.

"कौतिकभाऊ, ऐका," ती म्हणाली. "मावळलंय ते. मी दुर्बिणीतून बघतेय. आत्ता, या मिनिटाला मावळलं. आता काही भीती नाही."

"खरं?"

"देवाशपथ."

फोन कट झाला. लोटननानांनी आरशात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि गाडी आणखी वेगात सोडली.

मग काहीच नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. ती लावायची, फोन वाजायचा, कोणी घ्यायचं नाही. जळगावात शिरल्यावर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या मोटारसायकलवर एक बाप आपल्या मुलीला बोट करून आकाश दाखवत होता. ज्योत्स्नाला वाटलं, कौतिक बाहेर पडला असेल. वर बघितलं असेल. ते तिथंच आहे हे त्याला दिसलं असेल, आणि तो उलट्या पावली घरात शिरून दार लावून बसला असेल. याहून वेगळं काही सुचत नव्हतं. माणूस फसवला गेला की काय करतो, हे तिला कळत होतं. आपल्या खोटेपणानं शेवटचा एक माणूसही घालवला, असं वाटून ती हुंदके द्यायला लागली. नानांनी पाण्याची बाटली तिच्या मांडीवर टाकली.

नशिराबाद गेल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, ॲम्ब्युलन्समधून बोलतोय. तीन पेशंट आहेत. दोन शुद्धीवर, एक नाही. भुसावळला आणतोय."

"कोण नाही शुद्धीवर?"

रेंज गेली. भुसावळ यायला बारा मिनिटं होती, आणि ती बारा मिनिटं ज्योत्स्नानं कशी काढली हे तिला पुढं कधीही सांगता आलं नाही. तिनं देवाकडे काय मागितलं तेही तिनं कोणाला सांगितलं नाही. दोघींपैकी एकीचं नाव घेतलं होतं, एवढं खरं.

दवाखान्याच्या दारात कौतिक बसला होता, कपाळाला पट्टी, अंगावर कोणाची तरी चादर. आत पडद्यामागे पुनम होती. तोंडावर ऑक्सिजनची नळी, चेहरा मेणाचा, पण डोळे उघडे. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर यंत्र ठेवलं होतं. यंत्रातून नुसती खरखर येत होती. बाईंनी ते थोडं डावीकडे सरकवलं. खरखर. पुनमनं ज्योत्स्नाचं मनगट धरलं, आणि नखं रुतली. बाईंनी ते खाली सरकवलं, आणि मग घोडा दौडत यावा तसा आवाज आला, भराभर, न थांबता.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठीक आहे."

शुद्धीवर नव्हती ती कुंदाबाई. का, ते पुनमनं सांगितलं. जमीन गार आहे म्हणून सासूबाईंनी तिला कॅरेटांच्या उंच थप्पीवर बसवलं, खाली गोधडी घालून. स्वतः खाली जमिनीवर बसल्या, दाराला पाठ लावून, ओलं लुगडं घट्ट दाबून धरून. जड वायू खाली साचतो. पंखा बंद, तेव्हा तो हलणार कुठं? पहिल्यांदा खाली बसलेलीचंच नाक त्यात बुडालं होतं. "आई बोलू राह्यलत्या, बोलू राह्यलत्या, अन् मंग गप झाल्या," पुनम म्हणाली. "मले वाटलं, डोया लागला."

ज्योत्स्ना बाहेर येऊन कौतिकच्या शेजारी बसली.

"ताई, ते मावयलं नव्हतं," कौतिक म्हणाला. "दार उघडलं अन् समोरच दिसलं. केयीच्या शेंड्यावर."

"माहीत आहे."

"मी तोंडाले गमछा बांधला अन् दम धरला. म्हनलं, दोनशे पावलं दम धरून जातो. अन् पयालो. चेंबराचं दार उघडलं तवा छाती फुटाले आलती, तिथं दम सोडला अन् घेतला. तिथंच गरगरलं." त्यानं कपाळावरची पट्टी चाचपली. "वहिनीले काढलं. कुंदाक्काले अर्धं ओढलं अन् उंबऱ्यात मीच आडवा झालो. माह्या अंगानं दार उघडं राह्यलं, तेवढंच."

म्हणजे चांगल्या हवेत त्यानं श्वास धरला होता आणि वाईट हवेत घेतला होता. ज्योत्स्नानं त्याचे हात धरले. तिला खूप बोलायचं होतं, पण तिला बोलायचं म्हटलं की आता भीतीच वाटत होती.

कुंदाबाईनं सकाळी डोळे उघडले. आवाज घोगरा, जीभ जड, पण माणसं ओळखली. पहिल्यांदा सुनेबद्दल विचारलं, मग पोटातल्याबद्दल, आणि दोन्ही ठीक आहे कळल्यावर तिचा चेहरा असा उजळला की ज्योत्स्नाच्या जिवात जीव आला.

"पाह्य," कुंदाबाई हळूच म्हणाली. "चेंबरात बसोलं म्हनून वाचली. सगया गावात एकट्या तिले जहर नाही लागू देल्लं."

ज्योत्स्ना काही बोलणार, तेवढ्यात आईचा फोन वाजला. सुंदरबाई. ज्योत्स्नानं स्पीकर लावून आईजवळ धरला.

"कुंदाक्का, बरी हाये नं व?" सुंदरबाईचा आवाज घाईचा होता. "गावात सगये म्हनू राह्यले, ते शेपटातलं जहर तुमाले चेंबराच्या दारापाशी लागलं, कौतिकनं दार उघडलं म्हनून. आत होत्या तवर काही नव्हतं. मी काय म्हनते, माह्या सुनेलेबी पाचवा हाये. आज सांजेले तिले बसू द्यान का तुमच्या चेंबरात? अजून दोघी हायेत. उद्या हेडमास्तरांच्या लेकीचंबी इचारत होते."

काल रस्त्यावर वाटली नव्हती अशी भीती ज्योत्स्नाला वाटली. कारण काल दोघी होत्या, आणि धूमकेतू अजून दहा दिवस दिसणार होता. तिनं फोनमध्ये तोंड घालून सांगायला सुरुवात केली, की काकू, असं नाही, तो वायू केळीचा होता. सुंदरबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू तं त्या दिशी दुसरंच म्हने व बाई. अन् काल कौतिकले म्हने मावयलं." आणि फोन ठेवला.

बरोबरच होतं तिचं. ज्योत्स्नानं एकदा घाबरवलं होतं, एकदा फसवलं होतं. तिसऱ्यांदा कोणी का ऐकावं? गावात आता एकाच बाईचं ऐकलं जाणार होतं, आणि ती या खाटेवर समाधानानं पडलेली होती.

ती आईच्या उशाशी बसली आणि सगळं सांगितलं. केळी श्वास घेतात ते. वाईट हवा खाली साचते ते. आकाशातून काहीच आलं नव्हतं ते. तू उठली नसतीस, आणि अजून थोड्या वेळानं पुनमही उठली नसती, ते. सांगताना तिनं आईकडे बघितलं नाही. आपण आपल्या आईच्या हातून तिचं सगळ्यात चांगलं काम काढून घेतोय आणि त्या जागी काय ठेवतोय, हे तिला कळत होतं.

कुंदाबाईनं हात पुढे केला. मग म्हणाली, "फोन दे."

गावच्या ग्रुपवर बोलायचं बटण ज्योत्स्नानं दाबून धरलं. कुंदाबाईनं एकदा खाकरून घसा मोकळा केला.

"मी कुंदाबाई बोलू राह्यली. चेंबरात कोनी बसू नका. ते शेंडेनक्षत्र काही करत नाही. मीच माह्या सुनेले मारू राह्यलती, मले समजलं नाही. सुंदरा, तू तुह्या सुनेले अंगनात बसव, मोकया हवेत. माह्यावाली शपथ हाये तुले."

बटण सुटलं. निरोप गेला. एकामागून एक लोक ऐकत असल्याच्या निळ्या खुणा उमटायला लागल्या. कुंदाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. ज्योत्स्नाला वाटलं, तिला झोप लागली. ती पांघरूण सारखं करायला उठली.

"एक सांग," भिंतीकडे तोंड ठेवूनच आई म्हणाली. "शायेत तू तसं काहून बोलली?"

"कोणी ऐकत नव्हतं, आई." ज्योत्स्नाला रडू आवरेना. "लोकांनी ऐकावं म्हणून बोलले."

कुंदाबाईनं मान तिच्याकडे वळवली.

"मी तं पह्यल्यापासून आयकू राह्यलती," ती म्हणाली.